डिझेलचा डबा आणि धाकटीचे इंजिन

मी, खाली सही करणारा, वय बहात्तर, धंदा लहान ट्रॅक्टरांची दुरुस्ती, हे पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवत आहे. माझ्यावर दडपण आणील असा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

कलम एक. राहते घर थोरल्या मुलास. तो शोरूममध्ये टाय लावून ट्रॅक्टर विकतो आणि बॉनेट कुठून उघडते ते गिऱ्हाइकालाच विचारतो. घराला बॉनेट नसल्याने ते त्याला झेपेल.

कलम दोन. धुराचे नियम करणाऱ्या साहेबांस काहीही नाही. त्यांच्यापायी लहान डिझेल इंजिनालाही काजळीचा फिल्टर आला. तो तुंबला की ट्रॅक्टर शेतात बसकण मारतो. असे बावीस फिल्टर मी काढून फेकले. डॉक्टर म्हणतो, तीच काजळी माझ्या छातीत आहे. डॉक्टरला साधा पाना धरता येत नाही.

कलम तीन. वर्कशॉप, सर्व हत्यारांसह, धाकट्या मुलीस. कारण लिहिणे भाग आहे.

नियम आल्यावर ती म्हणाली, "बाबा, लहान ट्रॅक्टरला पेट्रोल पुरतं. इंजिन स्वस्त, फिल्टरची कटकट नाही." मी म्हणालो, "पेट्रोलवर गवत कापावं, नांगर ओढू नये." तरीही तिने पेट्रोलचा एक ट्रॅक्टर बनवला आणि वीस गिऱ्हाइके बघायला बोलावली. दहा मिनिटांत तो खोकला, पांढरा धूर ओकला आणि बंद पडला. मी सर्वांसमोर म्हणालो, "बघा, पेट्रोलची मर्दुमकी!" सगळे हसले. ती हात पुसून निघून गेली. चार वर्षे ती भावाच्या शोरूममध्ये पावत्या फाडते आहे.

गिऱ्हाइके यायच्या त्या सकाळी तिच्या ट्रॅक्टरची टाकी अर्धी दिसली, म्हणून मीच भरली होती. पन्नास वर्षांच्या सवयीने हात डिझेलच्या डब्याकडे गेला. संध्याकाळी टाकी हुंगली तेव्हा कळले. मी गप्प बसलो. तिचे इंजिन उत्तम होते. मला लाज वाटते.

हे कलम थोरल्याने त्याच वीस गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने वाचावे. दारावरची 'फक्त डिझेल' ही पाटी उतरवावी.

ठिकाण: वर्कशॉप. दिनांक: नऊ ऑगस्ट.

सही: मिस्त्री

साक्षीदार पहिला: पंपवाला, ज्याने तो डबा भरून दिला होता. सही करत नाही. म्हणतो, "मिस्त्री, जिवंत आहात तोवर स्वतः सांगा की. आधी पोरीला फोन लावा."

साक्षीदार दुसरा: शेजारचा वेल्डर. पहिल्यासाठी थांबला आहे.

फोन लावला आहे. रिंग वाजते आहे.