कपड्यांच्या दोरीचा टेकू

९ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत, घर, नोकरी सगळं ठीक असेल. माझा गुडघा कुरकुरतो, बाकी बरी आहे. वाचनालयातल्या बाईंनी या आठवड्यात माशांवरचं पुस्तक दिलं. त्यात लिहिलंय, काही मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून आवाज काढतात. नर मादीला बोलावतो. इंजिनाच्या घरघरीत त्यांना एकमेकांचं नीट ऐकू येत नाही.

पुस्तक मिटून बसले. चहा तसाच गार झाला.

बाबा वल्हं पाण्यात धरून दांड्याला कान लावायचे, आठवतं ना? मी चारचौघांत म्हणायचे, “माझं एक ऐकत नाहीत, माशांचं बरं ऐकू येतं.” लोक हसायचे, मला बरं वाटायचं. तू आठ वर्षांची असताना धावत आलीस, “आई, आज मासे कोंबड्यांसारखं करतायत.” मी म्हटलं, “घरात एक वेडा पुरे.” दुसऱ्या दिवसापासून तुला होडीवर जाऊ दिलं नाही.

होडीला इंजिन बसवायचा हट्टही माझाच. बाबा म्हणाले, “अगं, याच्यात काही ऐकू यायचं नाही.”

“ऐकायचेत कशाला? पकडायचेत ना?”

त्यानंतर त्यांनी माशांचा विषय काढला नाही. हळूहळू कसलाच काढला नाही. जेवताना ‘वाढ’ आणि ‘पुरे’, एवढंच.

ते गेल्यावर तू फक्त वल्हं मागितलंस. विकलं, असं मी कळवलं. ते खोटं होतं. मागच्या दारी कपड्यांच्या दोरीला त्याचाच टेकू होता. इंजिन आल्यावर त्यांच्या देखत मीच लावला होता. त्यांनी पाहिलं, आणि दोरी ताणून बांधायला मदत केली. तुला ते दाखवायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून तुझं पत्र नाही.

काल सगळ्या होड्या बंद होत्या. वल्हं काढून धक्क्यावर नेलं, पाण्यात धरलं, दांड्याला कान लावला. जाळी विणणारा म्हणाला, “काय काकू, कुणाचा फोन?”

“तुझ्यासाठी नाही,” म्हटलं.

बऱ्याच वेळाने रिकाम्या डब्यावर बोटं वाजवल्यासारखं ऐकू आलं. थांबलं. पुन्हा आलं. मासा होता की धक्क्याला घासणारी होडी, मला कळेना. ते ओळखणारी आपल्या घरात दोनच माणसं होती.

वल्हं आता पुढच्या दाराशी आहे. दोरी लोंबतेय, कपडे जमिनीला टेकतात. टेकू देत. वल्हं पाठवून देता येईल, पण पाठवणार नाही. न्यायला ये. ‘नाही आलीस तरी चालेल’ असं लिहिलं होतं, ते खोडलं.

ऐकायला उशीर केलेली,
तुझी आई