बंदरावरचं बंदरावर

बाई, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली तरी माझा राग काही जात नाही. आधी तो सांगते, तुमचे उपकार मागाहून. सातवीचा वर्ग आहे. दुपारी भुईगावच्या किनाऱ्यावर न्यायचं तुम्ही ठरवलंय आणि विचारताय, पाणी कधी चढेल गं? मी बोटांवर मोजत उभी राहते. आज चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनला. पाचूबंदरला मासळी विकणारी माझी आई शाळेची पायरी चढली नव्हती, पण पाऊणकीचा पाढा तिला तोंडपाठ, कारण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ कळते. तुम्ही म्हणालात, "बोटं मोजून गणित होत नाही. बंदरावरचं बंदरावर ठेव, इथे पायऱ्या मांड." वर्ग खदाखदा हसला. मी हात पाठीमागे लपवला. तीनला पाणी आलं, तुमची एक चप्पल घेऊन गेलं, आणि त्याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "बाईला सांग, पानी शालंची घंटा ऐकून नाय येत." मी कुठली सांगतेय!

उपकारही आहेत, नाही कशाला म्हणू. दहावीला तुम्ही मला घरी बोलावून फुकट शिकवलंत. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी पाट द्यायचात, गरम पोळी वाढायचात. पण त्याआधी मोरीत कोपरापर्यंत साबणाने हात धुवायला लावायचात, एकदा नाही, दोनदा. वास तरी कसला येत होता हो? अंघोळ करून यायचे मी. निकालाच्या दिवशी तुम्ही तुमची स्वतःची कंपासपेटी दिलीत, ती अजून मनवेलपाड्याच्या घरी माझ्या टेबलावर आहे. फेकवत नाही आणि उघडवतही नाही.

आता मी संगणकावर समुद्राची गणितं मांडते. आमच्या संस्थेची दरवर्षी एक आंतरराष्ट्रीय शाळा भरते, दोन आठवड्यांची. यंदा ती वसईतच भरली. अकरा देशांची मुलं, आणि माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत 'विविधता'. पहिल्या वर्षी त्यासाठी मला कोळी लुगडं नेसवून फोटो काढला होता, मीही मुकाट नेसले. यंदा मात्र मी भांडले. म्हटलं, एक जागा इथल्या मुलीला द्या. अर्नाळ्याची मुलगी आली, मच्छीमाराचीच. फोटोत तिला पहिल्या रांगेत बसवलं, वर्गात ती शेवटच्या बाकावर बसली.

तिसऱ्या दिवशी मी भिंतीवर भरतीचा आलेख दाखवला, अर्नाळ्याचाच, सगळ्यात उंच टोक दुपारी साडेबाराला. मागून मराठीत आवाज आला, "मॅडम, आज अष्टमी ना? मग पानी संध्याकाळी सहाला भरनार. हे चुकलंय." अंगठा बोटांच्या पेरांवर फिरत होता तिचा. सगळे वळून बघायला लागले आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "बोटं मोजून गणित होत नाही. बंदरावरचं बंदरावर ठेव, इथे पायऱ्या मांड." अकरा देशांच्या मुलांना एक अक्षर कळलं नाही. जिला कळलं तिने हात बाकाखाली घेतला.

वाण नाही पण गुण लागला म्हणतात ना, तसं झालं, बाई. इतकी वर्षं तुम्हाला शिव्या घातल्या आणि वाक्य मात्र जिवापाड जपून ठेवलं. संध्याकाळी तपासलं तेव्हा कळलं, माझ्या प्रोग्रॅममध्ये घड्याळ परदेशी वेळेवर राहिलं होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. भरती सहालाच होती. मी गुपचूप दुरुस्त केलं आणि दुसऱ्या दिवशी नवा आलेख लावला, जसं काही घडलंच नाही. तो बघायला ती आली नव्हती. नंतरही आली नाही. फोटो तेवढा पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकावर छापायला गेलाय, ती पहिल्या रांगेत, हसतेय.

तिचा नंबर माझ्याकडे आहे. आज सकाळी तिलाच फोन करायला बसले होते, चूक माझी होती एवढंच सांगायला. ते जमलं नाही म्हणून तुम्हाला लिहायला घेतलं, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.