तिने नाव घेतलं नाही

चारठाणा, १० मार्च २०२५

चि. सौ. त्रिवेणीस अप्पांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

घरात फोन असून अप्पा पत्र लिहितात म्हणून हसशील. पण फोनवर तुझी आई शेजारीच कान लावून असते, आणि ही गोष्ट तिच्यासमोर बोलवत नाही.

गेल्या सोमवारी ती महादेवाला बेल वाहून परतली, ती थेट शेजारच्या तात्यारावांच्या घरात शिरली. त्यांच्या गॅसवर चहा टाकला आणि त्यांच्याच सुनेला विचारलं, की तुम्ही कोणाकडच्या. मी हादरलो. दुसऱ्याच दिवशी परभणीला नेलं. मेंदूचा एमआरआय झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हा अल्झायमर आहे. मेंदूतला पांढरा भाग, म्हणजे इकडचा निरोप तिकडे नेणाऱ्या तारा, जागोजागी झिजल्यात. बाईंनी तारीख, वार, गाव विचारलं. निम्मं चुकलं. नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मात्र तिने मान खाली घातली आणि हसली. मी सांगितलं, की आमच्यात बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नाहीत, सेहेचाळीस वर्षांत मी ते तिच्या तोंडून ऐकलेलं नाही, तेवढा मार्क देऊन टाका. बाईंनी दिला. निदान मला तरी ती विसरलेली नाही, एवढाच आता आधार.

जावईबापूंना आणि आपल्या नातीला, अर्पिताला आशीर्वाद. जिवाला लावून घेऊ नकोस.

तुझे,
अप्पा


पुणे, १४ मार्च २०२५

ती. अप्पांच्या चरणी त्रिवेणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. अप्पा, तो मार्क परत करा. आई नाव घेत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुमच्यासमोर घेत नसेल. बायकांत बसली की सगळ्यांत आधी उखाणा तिचाच, आणि शिवरुद्रअप्पा म्हणताना कशी फुलून यायची! अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, ठाऊक नाही ते फक्त तुम्हाला.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिथेच होते. तिची पाळी आली तशी ती वाणाचं ताट खाली ठेवून आत निघून गेली. म्हातारपणी लाजली म्हणून आम्ही सगळ्या हसलो. मीसुद्धा हसले, अप्पा. आता माझाच मला संताप येतो.

तिला एकदा उखाणा घ्यायला सांगा. जे होईल ते लपवू नका. लेकीवर माया आहेच, ती खरं सांगण्यातही असू द्या.

तुमची,
त्रिवेणी


चारठाणा, २२ मार्च २०२५

चि. सौ. त्रिवेणीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. इतकी वर्षं ती माझं नाव घेत होती आणि मला पत्ता नाही! त्या आनंदात दोन दिवस विचारायचं टाळलं.

काल दुपारी ती ओसरीवर गवार निवडत होती. मी थट्टेतच उखाणा मागितला. बेलपानाची पहिली ओळ खणखणीत म्हणाली, नावाशी आली आणि थांबली. मग तिने इकडंतिकडं पाहिलं, माझ्याजवळ सरकली आणि हळूच विचारलं, की आमच्या मालकाचं नाव काय हाय, तुमाला ठावं असंल तर ते घरी यायच्या आत सांगा.

त्रिवेणी, मालक तिच्या पुढ्यातच बसला होता. मी नाव सांगितलं. तिने ते दोनदा घोकलं. मग मला शपथ घातली, की आपण नाव इसरलो हे मालकाला कधी कळू द्यायचं न्हाई, त्यांना लय लागंल.

मी शपथ घेतली. तू लवकर निघून ये.

तुझे,
अप्पा