ऐनाची साल

मी सोनूबाई, कै. भीमाची बायको, वय चव्वेचाळीस, राहणार डहाणू, बंदराजवळ. तिसरीपर्यंत शिकले. डोकं ठिकाणावर आहे, छाती नाही, अत्तराच्या भट्टीच्या धुरानं गेली. हे मृत्युपत्र कोणाच्या धाकानं लिहीत नाही. धाक घालणारे घरात आहेत तरी लिहिते.

घर दीर सदानंद यांचं, म्हणून घराचं कलम नाही. होडीतला नवऱ्याचा हिस्सा भाऊजींनी न विचारता विकला, तो आता काय देऊ?

चांदीच्या पाटल्या माझी मुलगी रूपी हिला. जाऊ देवकी मी पंगतीत बसले की नाकाला पदर लावते आणि "जाऊबाई, भाताला तुमचा वास येतो" म्हणते. तिला काही नाही.

आता अत्तराचं. मुंबईत मोठ्या घरच्या बायकांचे झगे बेतणारी एक बाई आहे. तिला स्वतःच्या नावाचं अत्तर हवं होतं. भाऊजींनी माझ्या हातचं केवड्याचं अत्तर नेलं. ती म्हणाली, "हे देवळातलं झालं. माझ्या बायका नाचायला जातात." भाऊजी घरी येऊन माझ्यावर ओरडले. घाईत मी जाळी रंगवायच्या भांड्यातच केवडा चढवला. तळाला जाळ्यांच्या रंगासाठी उकळलेली ऐनाच्या झाडाची साल चिकटलेली होती, ती घासायची राहिली.

ते अत्तर आधी केवड्यासारखं नाकात घुसतं. मग ओल्या जाळ्यासारखं कडू होतं. सकाळी उशीवर जे उरतं त्यात फूल ओळखू येत नाही, बाई येते. झगेवाली म्हणाली, "हेच! ही दार ढकलून आत येणारी बाई आहे."

त्या दिवसापासून माझ्या खोलीला बाहेरून कडी. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमचं तोंड मोकळं, बाजारात बोलून जाल." सरावलीला माझी आई गेली तेव्हा दहाव्याला धाडलं, तेही देवकीच्या पहाऱ्यात.

भाऊजींना वाटतं सगळी करामत माझ्या नाकाची. सालीचं मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझी गरज संपली, आम्ही मायलेकी त्याच दिवशी रस्त्यावर. तलासरीची मोळीवाली जमना मोळीत लपवून साल आणते. ती म्हणते, "होडी नाय, जाळा नाय, साल खातेस का गं बाय?" मी म्हणते, "चहात टाकते."

आता भाऊजी म्हणतात, तुमच्यामागे भट्टीवर रूपी बसेल, तिचं नाक तुमचंच आहे. तिला आलेली स्थळं परत धाडतात. म्हणून कृती इथेच लिहिते. ऐनाची साल मूठभर उकळावी, पाणी फेकावं, साल तळाला ठेवावी, वर पहाटे तोडलेला केवडा आणि नवं पाणी. वाफ चंदनाच्या तेलात धरावी. ज्याला करायचं त्यानं करावं.

हा कागद मैना मासळीवालीकडे राहील. मी गेल्यावर तिनं तो बंदरावर, लिलावाला माणसं जमली की, मास्तरांकडून मोठ्यानं वाचून घ्यावा. मैना म्हणाली, "मेल्यावर कशाला? आत्ताच ओरडते की!" अगं, ओरडलीस तर आम्ही दोघी बाहेर पडू, आणि सरावलीचा माझा भाऊ गणू एकीलाच घेईन म्हणालाय. ती एक रूपी. मग मी कुठे जायचं, ते मला विचारू नये.

वाचन झालं की गणूनं रूपीला त्याच दिवशी न्यावं. भाऊजी अडवणार नाहीत. गावाला माहीत झालेली गोष्ट कोंडून ठेवायला ते काही वेडे नाहीत.

मोळी घ्यायला मागचं दार उघडलं तेव्हा मैना आणि जमना, दोघींसमोर सही केली.

सही: सोनूबाई भीमा
साक्षीदार: मैना, सही
जमना, राहणार तलासरी, डाव्या हाताचा अंगठा

डहाणू, ता. ९ मार्च १९६२