सात नंबरच्या घराचा स्वयंपाक

३ फेब्रुवारी, सोमवार
नातीनं, दिव्यानं, दिलेल्या ह्या वहीला रेघा नाहीत. चौथी नापास बाईनं सरळ लिहायचं कसं, हे एवढ्या इंजिनेर पोरीला सुचलं नाही. असो, जय जिनेंद्र. निपाणीच्या घराला कुलूप घालून आज मच्छे गावात तिच्याकडं राहायला आले. घर हवेशीर, चहा पातळ. शेजारच्या शेडमध्ये तिचं काम. कपाटभर पेट्या. एक पेटी सूर्य होते, बाकीच्या घरं होतात. वीज खरी, गाव खोटं. उन्हाची वीज गावाला पुरते का, ते असं आधी बघतात म्हणे.

५ फेब्रुवारी
निपाणीला तुमच्या गल्लीत कोण कधी काय चालू करतं, ते दिव्यासोबत काम करणाऱ्या स्वरूपनं विचारलं. मी बारा घरांचं सगळं सांगितलं, ते त्यांनी पेट्यांत भरलं. आम्ही जैन दिवस मावळायच्या आत जेवतो, म्हणून शेगड्या पाचलाच तापतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. लई शिकलाय म्हणे. सात नंबरची पेटी म्हणजे आमचं घर.

८ फेब्रुवारी
चूक माझीच. घर बंद, तरी मी सवयीनं सुनेच्या वेळा सांगितल्या. दिव्याची आई जाऊन चार वर्षं झाली. विजेच्या शेगडीवरच शॉक लागला. आज पाचला सातची पेटी घुमायला लागली आणि दिव्या तिथंच बसून राहिली. म्हटलं, पूस ते घर. पुसलं तिनं.

१० फेब्रुवारी
पुसलं, तरी पाचला पेटी घुमली. स्वरूपनं वायर उपसली. तरी पेटीवरचा विजेचा आकडा उतरला नाही. निपाणीला शेजारच्या बाळाबाईला फोन लावला. म्हणाली, कुलूप हाय तसंच हाय, पण फोडणीचा वास येतोय गं आक्का.

११ फेब्रुवारी
आज दुप्पट वीज. दोघींचा स्वयंपाक. दिव्या म्हणते, आई ताट वाढून बसली असंल, जाऊन येते. गाडीची किल्ली मी कमरेला खोचली. रडू दे.

१२
साडेपाच. पेटीतून हाक — सुनेचाच आवाज. दिव्या, जेवायला ये म्हणून. दोनदा. ही उठली. मनगट धरलंय — आवाज काढला तर तीच ओ ठरंल म्हणून लिहून दाखवते —
दिव्या, आता तिसरी हाक आली तर ओ तू द्यायची नाहीस; ओ देईल तिला ती घेऊन जाईल. सासू मी आहे तिची. ओ मीच देणार. तू तोंड