माजी मंत्र्याचा अर्ज

३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंत्रिपद गेल्यापासून कचेरीतून आलेले खोके उपसतो आहे. काल तुझं चार वर्षांपूर्वीचं पत्र सापडलं. शाळेच्या वाटेवरच्या ओढ्याला पूल हवा, मुली गुडघाभर पाण्यातून येतात, असं लिहिलं होतंस. त्याला माझं छापील उत्तर जोडलेलं: 'महोदया, आपले पत्र संबंधित खात्याकडे पाठवले आहे.' खाली माझी सही. ताई, ते खातं माझंच होतं.

तू अबोला का धरलास ते आत्ता कळलं. तुझी भावजय इतकी वर्षं स्वतःचीच चूक शोधत बसली होती. शरमेनं मेल्यासारखं झालंय. आता त्या पुलासाठी मीच रीतसर अर्ज करतो.

माया आटली नसेल तर दोन ओळी लिही.
तुझा धाकटा

९ जून

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या निवडणुकीत मी घरोघर हिंडून चपला झिजवल्या आणि तुझ्या लेखी महोदया झाले. पुलापेक्षा तेच जास्त लागलं. मी शाळेतून निवृत्त झाले, पण मुली अजून भिजतच वर्गात बसतात. भावजयीला सांग, तिचं काही चुकलेलं नाही. तू मात्र पुलाचं काम घेऊनच ये.

राग आहे, मायाही आहे.
ताई

२० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पहिला अर्ज परत आला. सवयीनं मीच समासात 'मंजूर' लिहून सही ठोकली होती. कारकून अदबीनं म्हणाला की आजोबा, हा शेरा आमचे साहेब मारतात. सगळी कचेरी हसली, मीही हसलो. दुसरा अर्ज नीट लिहिला. आता दर मंगळवारी तिथल्या बाकावर डबा घेऊन बसतो. माणूस समोर बसला की फाइल हलते, हे मंत्री असताना मला कुणी सांगितलं नाही.

पाठ धरली आहे, पण चिकाटी सोडलेली नाही. तुझा लोभ तेवढा सोडू नकोस.
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

काल पूल खुला झाला. उद्घाटनाला नवे मंत्री आले, पाटीवर त्यांचं नाव आहे. तुझं कुठेच नाही. मुली कोरड्या पायांनी शाळेत गेल्या, ते पाहून डोळे भरून आले.

गवंड्यानं विचारलं, कामावर येऊन दिवसदिवस उभे राहणारे आणि गावात कुणाकडेही न जाता परतणारे ते म्हातारे गृहस्थ कोण? तू मंत्री होतास तेव्हा शेवटची चार वर्षं मी तुझं नातं कुणाला सांगितलं नव्हतं. काल सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, तो माझा भाऊ आहे.

भावजयीला घेऊन लवकर ये. माया आहे तशीच आहे.
तुझी ताई