माठाच्या वाफ्याला जाळं

१२ नोव्हेंबर, बुधवार
तिसऱ्यांदा! विमलावहिनींच्या कोंबड्यांनी लाल माठाचा वाफा उकरून टाकला. बोटभर रोपं, सगळी उताणी. वहिनी दगडी गडग्यापलीकडून म्हणतात, "इशरतभाभी, कोंबडीला काय हद्द कळते?" खरंय. पण मला राग येतो त्याचं काय!
करीम पायरीवर चहा पीत होता. म्हणाला, "पिंजरा करूया. कोंबड्यांना नको, भाजीलाच." सुट्टी संपायच्या आत करतो, म्हणे. एक तारखेला परत जहाज. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, या नवऱ्याने माझी भाजी ताटाबाहेर कधी पाहिलेली नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
माठ परत पेरला. शेजारी मुळा.
करीम मिरकरवाडा बंदरावरून फाटकं जाळं घेऊन आला – रिक्षातून! तिथल्या बोटीवरच्या एका ओळखीच्या तांडेलाने टाकायलाच काढलं होतं. काय तो वास! संध्याकाळी गल्लीतली पाच मांजरं वाफ्याभोवती बसलेली. साबणाने दोनदा धुतलं. माझ्या हातांना अजून बांगड्यांचा वास येतोय – माशांच्या!

१६ नोव्हेंबर, रविवार
वीतभर माती, खाली कातळ. पहार मारली की ठिणग्या. काठ्या उभ्या राहीनात. मी म्हटलं, "रंगाचे रिकामे डबे आहेत, त्यात दगड भरून काठ्या रोवू." करीम फुगला. "इथे कप्तान कोण?"
"परसात मी."
डबेच ठेवले शेवटी.

१७ नोव्हेंबर, सोमवार
काम बंद. करीमची कंबर.

२० नोव्हेंबर, गुरुवार
झालं! नळाच्या कामातून उरलेले पाईप वाकवून कमानी केल्या, वरून जाळं. करीमने आत बसून चारी बाजूंनी जहाजी गाठी मारल्या. पक्क्या. मग विचारतो, "दार कुठेय?" दार ठेवलंच नव्हतं! हा आत, विमलावहिनी बाहेर हसून हसून खाली बसलेल्या, आणि त्यांची तांबडी कोंबडी आत टक लावून बघतेय. शेवटी मी कात्रीने एक बाजू कापून सोडवला. तिथेच आता पडद्यासारखं दार केलंय.
खूप हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन कॅलेंडर पाहिलं. अकरा दिवस. दरवेळी इतकं लागत नाही मनाला.

२३ नोव्हेंबर, रविवार
सकाळी वांदरं आली. एक थेट जाळ्यावर! झोका घेतला, खाली हात घालून पाहिला, पोचला नाही. गेलं. मुळ्याचं एक पान हललं नाही! करीमने टाळ्या वाजवल्या.
म्हटलं, "तू गेल्यावर गाठ सुटली तर?" तर शिकवायला बसला. मी बांधायची, त्याने सोडायची – "परत." पाचव्यांदा जमली. त्याला म्हटलं, नाही जमली. आणखी एकदा दाखव.

२६ नोव्हेंबर, बुधवार
करीम आंघोळीला. त्याचा फोन वाजला, मी उचलला. कंपनीतली बाई – "सरांच्या राजीनाम्यावर एक सही राहिलीय."
कसला राजीनामा?
"सप्टेंबरमध्ये दिलाय ना त्यांनी."
बाहेर आला तर मी फोन धरून उभी. चेहरा पाहूनच समजला. म्हणाला, "सुट्टी म्हणून सांगितलं. आधी बघायचं होतं – रोजचा घरात असलो तर तुला चालेन का."
मी त्याची बॅग उचलली आणि माळ्यावर फेकली.